लो-फ्रिक्वेन्सीवर उतरताय? अँटेना आणि ट्रान्समीटरच्या या चुका टाळा

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्हवर) बरीच वर्षं काढलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, २२०० मीटर (१३६ किलोहर्ट्झ) किंवा ६३० मीटरच्या (४७५ किलोहर्ट्झ) बँडवर येतो, तेव्हा त्याचा अनुभवच त्याला आडवा येतो. अँटेना अर्ध्या तरंगलांबीची, एसडब्ल्यूआर (अँटेना ट्रान्समीटरशी किती जुळली याचं माप) एकाजवळ आणला की झालं, आणि सिग्नल कमी पडला तर अँप्लिफायर जोडायचा, या त्याच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी. या खालच्या बँडवर यांतली एकही चालत नाही. १३६ किलोहर्ट्झवर पाव तरंगलांबीच साडेपाचशे मीटर भरते, ४७५ किलोहर्ट्झवर सुमारे १५८ मीटर. आवारात आपण जी दहा-बारा मीटर उंच तार उभी करतो, ती या फ्रिक्वेन्सीला बव्हंशी एक कपॅसिटर वाटते. त्या कपॅसिटरमध्ये जास्तीत जास्त प्रवाह कसा खेळवायचा, एवढाच लो-फ्रिक्वेन्सीचा खेळ आहे. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळेच होतात.

सुरुवातीला परवाना काढून वाचा. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झचा पट्टा २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशी सेवेला मिळाला, ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झचा २०१२ मध्ये. दोन्ही दुय्यम दर्जाचे आहेत, आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या अटींवर, आपापल्या वेळी खुले केले. आपल्या परवान्यात ते आहेत का, कोणत्या वर्गाला आहेत आणि आधी कोणाला कळवावं लागतं का, हे पाहूनच सोल्डरिंग आयर्न तापवा.

एक वॅटची मर्यादा म्हणजे एक वॅटचा ट्रान्समीटर नव्हे

परवान्यातला आकडा बहुधा ईआयआरपीचा असतो, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती तिच्या गेनसकट धरून येणाऱ्या प्रभावी शक्तीचा. परिषदेने १३६ ला १ वॅट ठेवला. ४७२ लाही १ वॅटच, काही देशांच्या सीमांपासून ८०० किलोमीटरपलीकडे ५ वॅटपर्यंत सूट. नवखा माणूस हे वाचून म्हणतो, “एक वॅट? मग बीएस१७० सारखा चिमुकला मॉसफेट ट्रान्झिस्टर पुरेल.” आणि महिनाभर कोणालाच ऐकू येत नाही.

आकडे मांडून पाहू. बारा मीटर उभी तार आणि वर चाळीस मीटर आडवी तार, असा साधा ‘टी’ आकाराचा अँटेना. उभ्या तारेची धारिता (कपॅसिटन्स) मीटरला साधारण ६ पिकोफॅरड, आडव्या तारेची ५ धरली, तर एकूण २७० पिकोफॅरडच्या आसपास येते. प्रभावी उंची, म्हणजे उत्सर्जनाच्या हिशेबात धरायची उंची, साडेदहा मीटरच्या जवळपास. यावरून १३७ किलोहर्ट्झवर रेडिएशन रेझिस्टन्स (अँटेनाच्या रेझिस्टन्समधला खरं उत्सर्जन करणारा भाग) निघतो अवघा ०.०३६ ओहम. जमीन, झाडं, भिंती आणि अँटेनाची धारिता खोडून काढणारी कॉइल मिळून तोट्याचा रेझिस्टन्स मात्र ८० ओहमसुद्धा सहज असतो. शंभर वॅट दिले तर १.१ अँपिअर प्रवाह जातो आणि ईआयआरपी होते सुमारे १३५ मिलिवॅट. पूर्ण एक वॅट काढायचा तर ३ अँपिअर हवेत, म्हणजे साडेसातशे वॅट.

हिशेबाचं सूत्र छोटं आहे: प्रवाहाचा वर्ग गुणिले रेडिएशन रेझिस्टन्स गुणिले तीन (हा जमिनीवरच्या आखूड उभ्या अँटेनाचा गेन). म्हणून लो-फ्रिक्वेन्सीवरचं पहिलं उपकरण म्हणजे अँटेनाच्या पायथ्याशी बसणारा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) अँपिअरमीटर. फेराइटच्या कड्यावर पन्नास वेढ्यांचा करंट ट्रान्सफॉर्मर, एक रेझिस्टर, एक डायोड आणि जुना मीटर एवढ्यात तो बनतो. तो नसेल तर तुम्ही आंधळेपणानेच काम करत आहात.

एसडब्ल्यूआरवर विश्वास

डमी लोडचा एसडब्ल्यूआरही एकास एक असतो. वरच्या अँटेनात ८० ओहम तोटा आहे, अनुनाद (रेझोनन्स) साधला की एसडब्ल्यूआर १.६ दिसतो आणि माणूस खूश होतो. मग तो चिकाटीने रेडियल (अँटेनाच्या पायथ्यापासून जमिनीत पसरलेल्या तारा) पुरतो, तोटा ३० ओहमवर येतो, एसडब्ल्यूआर १.७ होतो. “अर्थिंग वाढवलं आणि बिघडलं,” असं म्हणून तो रेडियल उपटतोसुद्धा. खरं तर त्याच शक्तीत त्याचा प्रवाह दीडपटीहून जास्त झालेला असतो. एसडब्ल्यूआर फक्त ट्रान्समीटरला सुखी ठेवण्यासाठी पाहा आणि तो कॉइलच्या टॅपने किंवा फेराइट ट्रान्सफॉर्मरने जुळवा. अँटेना सुधारली की नाही, याचा निकाल अँपिअरमीटरच देतो.

मोजमापाची आणखी एक गंमत. बरेच अँटेना अॅनालायझर इतक्या खाली उतरतच नाहीत. नॅनो-व्हीएनए ५० किलोहर्ट्झपासून चालतो, पण जवळ मीडियम वेव्हचं प्रसारण केंद्र असेल तर अँटेना त्याचाच सिग्नल आत ओतते आणि आलेख नाचू लागतो. अशा वेळी थोडी शक्ती देऊन ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलवर व्होल्टेज आणि प्रवाह एकत्र पाहावेत. दोन्ही लाटा एकाच क्षणी शून्य ओलांडत असतील तर अनुनाद साधला. व्होल्टेज पुढे असेल तर कॉइल थोडी जास्त आहे, मागे असेल तर कमी.

उंची सोडून शक्तीच्या मागे

शक्ती दुप्पट केली तर ३ डेसिबल मिळतात. प्रभावी उंची दुप्पट झाली तर त्याच प्रवाहाला ६. त्यामुळे आणखी दोन मॉसफेट लावण्याआधी खांब वर नेता येतो का ते बघा.

वरची आडवी तार स्वतः फारसं उत्सर्जन करत नाही, म्हणून तिला कमी लेखू नका. तिच्यामुळे उभ्या तारेत वरपर्यंत जवळजवळ सारखा प्रवाह राहतो. नुसती उभी तार असेल तर प्रवाह टोकाकडे शून्यावर जातो, प्रभावी उंची निम्मी होते आणि रेडिएशन रेझिस्टन्स पावपट. वरच्या तारा दोन-तीन समांतर असतील तर आणखी चांगलं, पण त्यांच्यात मीटरभर तरी अंतर ठेवा. जवळजवळ बांधलेल्या दोन तारा एकीपेक्षा फारशी जास्त धारिता देत नाहीत. छत्रीसारख्या खाली उतरणाऱ्या तारा फार खाली आणल्या तर धारिता वाढते पण प्रभावी उंची खालावते. हा सौदा तोट्याचा.

आवारात ८० मीटर बँडचा डायपोल आधीच टांगलेला असेल तर नवीन काही उभारू नका. त्याच्या फीडरच्या (अँटेनापर्यंत जाणाऱ्या जोडतारेच्या) दोन्ही तारा खाली एकत्र जोडा आणि जमिनीच्या विरुद्ध फीड द्या. आयता टी मिळतो. मध्ये बलून (जुळणी करणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा ट्रॅप (ठरावीक फ्रिक्वेन्सी अडवणारं सर्किट) असेल तर मात्र आधी तो काय करतो ते समजून घ्या.

अर्थिंगबद्दलचे गैरसमज

पाव तरंगलांबीचे रेडियल इथे शक्यच नाहीत, आणि ते नसल्याचं दुःखही नको. रेडियल आडव्या तारेच्या खालून आणि थोडे बाहेरपर्यंत गेले की पुष्कळ काम करतात. थोडे लांब रेडियल आणि जागोजागी ठोकलेल्या सळया असं मिश्रण चालतं. साधारण मातीत १३६ किलोहर्ट्झचा प्रवाह वीसेक मीटर खोलवर पसरतो. एकच सळई कितीही जाड असली तरी ती या प्रवाहाला गोळा करू शकत नाही. पहिल्या चार-पाच सळयांनी फरक दिसतो, दहावीने मीटरचा काटा हलतही नाही. तिथे थांबा आणि तारेला झाडांपासून लांब न्या, कारण झाडाच्या पानांत-फांद्यांत जाणारा तोटा कोणत्याच सळईने भरून येत नाही.

घराच्या वीजजोडणीचं अर्थ मात्र आरएफसाठी वापरू नका. आरएफ घरभर फिरतं आणि परतीत घरातला सगळा कचरा रिसीव्हरमध्ये येतो. दोन अर्थ वेगळे ठेवताना विजेच्या सुरक्षेचे स्थानिक नियम पाळणं ओघाने आलंच.

कॉइल

२७० पिकोफॅरडला १३७ किलोहर्ट्झवर ५ मिलिहेन्री लागतात. ३० सेंटिमीटर व्यासावर ४० सेंटिमीटर लांबीत साधारण १७० वेढे, तार १६० मीटर. ४७५ किलोहर्ट्झला ०.४ मिलिहेन्रीत भागतं. नवखे इथे दोन-तीन ठिकाणी घसरतात. बारीक तार घट्ट गुंडाळली की क्यू (कॉइलचा गुणांक, जितका जास्त तितका तोटा कमी) १०० वर येतो आणि एकट्या कॉइलमध्ये ४३ ओहम जातात. क्यू ३०० असेल तर १४. लिट्झ तार (वेगवेगळ्या इन्सुलेट केलेल्या बारीक तारांची वेणी) मिळाली तर उत्तम, नाहीतर वेढ्यांत थोडं अंतर ठेवून जाड तार. साचा पॉलिप्रॉपिलीनच्या बादलीचा चालतो, काळं प्लॅस्टिक टाळा, त्यात कार्बन असू शकतो. १३६ ची कॉइल टॅप काढून ४७५ ला वापरायचा मोहही नको. मोठ्या कॉइलचा स्वतःचा अनुनाद त्याच भागात येऊन बसतो.

१३६ वर अँटेनाची बँडविड्थ एक ते तीन किलोहर्ट्झ असते, त्यामुळे व्हेरिओमीटर हवाच. मोठ्या कॉइलच्या आत फिरणारी, तिच्याशी सिरीजमध्ये जोडलेली छोटी कॉइल पुरते. पावसाने तार ओली झाली, झाडाची फांदी झुकली, तरी अनुनाद सरकतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ३ अँपिअर प्रवाहाला कॉइलच्या वरच्या टोकावर सुमारे १३ हजार व्होल्ट असतात. शंभर वॅटच्या साध्या ट्रान्समीटरवरही जवळपास पाच हजार. तारेवरचं प्लॅस्टिकचं वेष्टण ही सुरक्षा नव्हे, ओली नायलॉनची दोरी हा इन्सुलेटर नव्हे. टोकं अणकुचीदार ठेवू नका, तिथून कोरोना (हवेत होणारा विद्युतविसर्ग) सुटतो. कॉइल कुलूपबंद पेटीत किंवा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. मूल, कुत्रा, शेजारी, कोणाचाही हात लागायला नको. वादळी हवेत अँटेना जमिनीला जोडून ठेवा. ट्रान्समीटर बंद असतानाही लांब तारेवर स्थिर विद्युत साचते.

ट्रान्समीटर

क्लास डी किंवा ई चा (मॉसफेट नुसता चालू-बंद करणारा) मॉसफेट ट्रान्समीटर बांधायला सोपा, कार्यक्षमता भरपूर. पण तो चौकोनी लाट बनवतो आणि तिचा तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट) जोरदार असतो. ४७५ चा तिसरा १४२५ किलोहर्ट्झवर, दुसरा ९५० वर. दोन्ही मीडियम वेव्ह प्रसारणाच्या ऐन मध्यात. “अँटेनाच इतकी अरुंद आहे, फिल्टर कशाला” हा युक्तिवाद चालायचा नाही. नीट लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावा आणि त्यात पॉलिप्रॉपिलीन किंवा मायकाचेच कपॅसिटर घाला. सुट्या भागांच्या डब्यातले सिरॅमिक डिस्क तापतात, मूल्य बदलतात, मग फुटतात.

एचएफच्या बलूनमधलं लाल किंवा पिवळं आयर्न पावडरचं कडं ट्रान्सफॉर्मरला घेणं ही नेहमीची चूक. त्याची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र सामावण्याची क्षमता) फार कमी. ५० ओहमच्या वाइंडिंगला १३७ किलोहर्ट्झवर निदान ३०० मायक्रोहेन्री हवेत. ७७, एन८७, ३सी९० अशा जातीचं फेराइट घ्या.

मॉसफेट लागोपाठ जळत असतील तर बहुधा दोष त्यांचा नसतो. अनुनाद सरकला की लोड बदलतो, आणि धारितेच्या बाजूला गेलेला लोड क्लास डी ला सहन होत नाही. कमी व्होल्टेजवर ट्यून करा, पुरवठ्यात प्रवाहाची मर्यादा आणि झटपट तोडणारं सर्किट ठेवा, मगच पूर्ण व्होल्टेज द्या.

एचएफ रिगला (रेडिओ संचाला) ट्रान्सव्हर्टर, म्हणजे सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा जोड, लावणाऱ्यांसाठी एक इशारा. १३७ किलोहर्ट्झच्या थेट ऑसिलेटरमध्ये दशलक्षात एक भाग चूक म्हणजे ०.१४ हर्ट्झ. रिग १० मेगाहर्ट्झवर असेल तर तीच चूक १० हर्ट्झची होते. डब्ल्यूएसपीआरमध्ये (क्षीण सिग्नलसाठीच्या संगणकी संदेशपद्धतीत) दोन टोनमधलं अंतर १.५ हर्ट्झही नसतं, तशाच एफएसटी४डब्ल्यूच्या अर्ध्या तासाच्या पद्धतीत तर हर्ट्झच्या दहाव्या भागाहून कमी.

ऐकू काहीच येत नाही

बऱ्याच स्विच-मोड सप्लायची मूळ फ्रिक्वेन्सी ५० ते १५० किलोहर्ट्झमध्येच असते. घरातला प्रत्येक चार्जर आणि एलईडी दिवा म्हणजे या बँडवरचं छोटं ट्रान्समीटर. रिसीव्हर बॅटरीवर चालवा, मेन स्विच बंद करा आणि गोंगाट किती उतरतो ते ऐका. उतरला तर शत्रू घरातच आहे. ट्रान्समिटिंग अँटेनावरच ऐकायचा हट्ट सोडा. घरापासून दूर ठेवलेला, फिरवता येणारा लूप अँटेना पुष्कळदा स्वच्छ ऐकवतो. मिनी-व्हिप (छोटा, अँप्लिफायर असलेला रिसीव्हिंग अँटेना) खिडकीत लावू नका. तो घरापासून दूर, स्वतंत्र अर्थिंगवर आणि केबलवर चोक (केबलवरून येणारं आरएफ अडवणारं फेराइट) घालूनच नीट चालतो.

रिसीव्हर जिवंत आहे का, हे तपासायला शेजारचे सिग्नल वापरा. ४७५ साठी ५१८ किलोहर्ट्झवरचा नॅव्हटेक्स (जहाजांसाठीचे संदेश) किंवा विमानांसाठीचे एनडीबी बीकन. १३६ साठी युरोपात हंगेरीचं १३५.६ आणि जर्मनीचं १३९ जवळचं नियंत्रण-प्रसारण. हेही मिळत नसेल तर एचएफ रिग मीडियम वेव्हच्या खाली मुद्दाम बधिर केलेली तर नाही ना, हे बघा. पुष्कळ रिग तशा असतात.

आणि सगळं ठीक असून कोणीच डीकोड करत नसेल? आधी संगणकाचं घड्याळ तपासा, डब्ल्यूएसपीआरला दोनेक सेकंदांची चूकही जड जाते. मग डायल: अपर साइडबँडवर ४७४.२ आणि १३६.० किलोहर्ट्झ, ऑडिओ १४०० ते १६०० हर्ट्झमध्ये. दिवसा ४७५ वर आयनावरणाचा डी थर सिग्नल गिळतो, त्यामुळे निकाल लावण्याआधी एक आख्खी रात्र पाठवत राहा. दर पाळीला अँटेना प्रवाह लिहून ठेवा. तो पहिल्या काही मिनिटांत हळूहळू घसरत असेल तर कॉइल किंवा फिल्टर तापतोय. एकदम उडी मारून खाली येत असेल तर कुठेतरी ठिणगी पडतेय. अंधारात जरा लांबून पाहिलं की ती जागा बहुधा दिसते.