टायटॅनियम डायऑक्साइड आणि मेथिलीन ब्लू: या चुका टाळा

टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर प्रकाशात मेथिलीन ब्लू हा निळा रंग तोडते, हे दाखवायचा हा प्रयोग. "सर, दहा मिनिटांत निम्मा रंग उडाला!" प्रोजेक्टची मुलं खुशीत सांगत येतात. माझा प्रश्न ठरलेला: दिवा कधी लावलात? बरेचदा रंग त्याआधीच उतरलेला असतो. सेंट्रिफ्यूज ट्यूबच्या तळाशी बसलेली पावडर निळसर दिसली, तर समजा की रंग तुटलेला नाही, नुसता चिकटलाय. मेथिलीन ब्लूवर धनभार असतो आणि पीएच साडेसहाच्या वर गेला की साधारणपणे पावडरच्या पृष्ठभागावर ऋणभार येतो, मग चिकटणारच. म्हणून आधी अर्धा तास अंधारात ढवळा, त्यानंतरचं रंगाचं रीडिंग शून्य मिनिटाचं धरा. पावडरशिवाय नुसत्या रंगावर दिवा लावून एक नमुनाही ठेवाच, कारण हा रंग उजेडात आपणहूनही थोडा विटतो.

पावडर कुठून आणली तेही बघा. भिंतीच्या रंगासाठीची पावडर बहुधा रुटाइल (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) असते, वर अ‍ॅल्युमिना-सिलिकाचा लेप. तो लेप मुद्दाम देतात, नाहीतर उन्हात रंगाचा थर खडूसारखा सुटतो. म्हणजे तुम्हाला जी क्रिया हवी, तीच तिथे दाबलेली असते! प्रयोगाला दुसरं स्फटिकरूप, अ‍ॅनाटेज घ्या. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखायची चाचणी) त्याचं मुख्य शिखर 25.3 अंशांना येतं, रुटाइलचं 27.4 ला.

अ‍ॅनाटेजचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे 387 नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो. घरच्या पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. तरीही "चाललं" तर हुरळू नका. रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषून पावडरला इलेक्ट्रॉन देतो आणि त्यातच तुटतो. खात्री करायची तर फिनॉलसारखा बिनरंगी पदार्थ घ्या. 254 नॅनोमीटरची अतिनील (यूव्ही) ट्यूब बाहेरून लावणार असाल, तर बोरोसिलिकेट काचेचा बीकर तिचा प्रकाश आत येऊच देत नाही. क्वार्ट्‌झ लागेल.

रंगाच्या शोषणाचं रीडिंग 664 नॅनोमीटरला घेता, तसं एकदा 800 ला घेऊन बघा. तिथे रंग काही शोषत नाही, तरी आकडा शून्याजवळ येत नसेल तर द्रावणात पावडर तरंगतेय. साध्या फिल्टर पेपरमधून नॅनो पावडर सरळ निसटते. पुन्हा सेंट्रिफ्यूज करा.

वजन करताना पंखा बंद, मास्क चढवलेला. ही धूळ श्वासावाटे गेल्यास कॅन्सरचा धोका संभवतो म्हणून आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) ती 2बी ('कदाचित कॅन्सरकारक') गटात टाकलीय.

पावडर स्वतः बनवणाऱ्यांना पावसाळा छळतो. पावडर ज्यापासून बनवतात त्या टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची बाटली जुलैत उघडी राहिली की तोंडाशी पांढरी खपली धरते. हवेतल्या ओलाव्यानंच त्या रसायनाचं विघटन होतं. कोरड्या नायट्रोजनमध्ये काढा, पिपेटही ओव्हनमधून वाळवून घ्या. आणि भट्टीतून पावडर करडी निघाली, तर सेंद्रिय भाग पुरता जळलेला नाही. ती 450 अंशांना हवेत आणखी दोन तास ठेवा. तापमान वाढवून घाई केलीत, तर 600 च्या पुढे अ‍ॅनाटेजचं रुटाइल व्हायला लागतं.