कॉलेजच्या कर्मचाऱ्यांसाठी संगणक घ्यायचे असतील तर आधी रजिस्टर उघडा

नवे संगणक घ्यायचे ठरलं की खोलीत पहिला प्रश्न येतो तो कंपनीचा: कुठल्या कंपनीचे घ्यायचे? कॉलेजातल्या साधनांची खरेदी मी अकरा वर्षं सांभाळते आहे आणि माझं म्हणणं दर वेळी एकच असतं. आधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडा. आपल्याकडे काय आहे, कुठे आहे आणि कोणाच्या हाती आहे, हे कळल्याशिवाय मागणीपत्रकावर सही करू नये.

वर्षातून एकदा मी रजिस्टर हातात घेऊन खोल्याखोल्यांतून फिरते. यंत्रावर चिकटवलेला क्रमांक, कंपनीचा सिरीयल नंबर, वॉरंटी कधी संपते, रॅम किती, डिस्क कुठली, यंत्र सध्या कोण वापरतं, हे सगळं प्रत्यक्ष पाहून लिहायचं. एका वर्षी नऊ यंत्रं नोंदवलेल्या जागी नव्हती. त्यातली सात दुसऱ्या विभागांत सापडली. दोन तर चांगली चालणारी असूनही कपाटात बंद होती. त्या वर्षी सहा संगणकांची मागणी आली होती. प्रत्यक्षात दोनच घ्यावे लागले.

या फेरीत ऑपरेटिंग सिस्टीमची नोंद जरूर करा. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची नेहमीची अपडेटं, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतला असावा लागतो. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी बरीच यंत्रं त्यात बसत नाहीत. अशी यंत्रं आधीच मोजून ठेवली तर खर्च दोन-तीन वर्षांत विभागता येतो. सगळे संगणक एकाच वर्षी घेतले की ते म्हातारेही एकाच वर्षी होतात. म्हणून यंत्राचं आयुष्य पाच वर्षं धरून मी दर वर्षी साधारण पाचवा हिस्सा बदलते.

मागणी घेताना यंत्राचं नाव विचारू नका, काम विचारा. ग्रंथालयातल्या एका बाईंनी लॅपटॉप मागितला होता. त्यांच्याजवळ बसून अर्धा तास काम पाहिलं. त्या दिवसभर जागेवरून हलत नव्हत्या, पण एकाच पडद्यावर यादी आणि नोंदीचा फॉर्म आलटून पालटून उघडत होत्या. त्यांना हवा होता दुसरा मॉनिटर. तो दिला आणि प्रश्न मिटला. उलट तीन इमारतींत तास घेणाऱ्या प्राध्यापकांना डेस्कटॉप देण्यात काही अर्थ नाही. कोणाला दिसायला किंवा ऐकायला त्रास होतो का, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लागेल का, मोठा कीबोर्ड लागेल का, हेही याच वेळी विचारावं. नंतर मागायला माणसं संकोचतात.

मग तपशीलपत्रक. त्यात ब्रँड लिहायचा नाही, किमान गरज लिहायची. कार्यालयीन कामासाठी मी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि 16 जीबी रॅम धरते. एकेका यंत्रामागे थोडा खर्च वाढतो, पण 8 जीबीची यंत्रं तिसऱ्या वर्षी रखडायला लागलेली मी पाहिली आहेत. बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच जोडलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही, हे विसरू नका. पोर्टही लिहा. एकदा आम्ही बारा डेस्कटॉप घेतले आणि वर्गातले प्रोजेक्टर जुन्या व्हीजीए केबलवर चालणारे निघाले; ती जोडायला नव्या यंत्रांत पोर्टच नव्हता. अडॅप्टर येईपर्यंत दोन आठवडे खोकी तशीच पडून होती. चूक माझी होती. पत्रकात तो रकानाच नव्हता.

दरपत्रकं मागवताना सगळ्या पुरवठादारांना एकच पत्रक आणि एकच मुदत द्या. तुलनात्मक तक्त्यात किमतीबरोबर वॉरंटीची वर्षं, दुरुस्तीला माणूस कॉलेजात येणार की यंत्र पाठवावं लागणार, कर, पोहोच आणि बसवणी, हे सगळे रकाने हवेत. सर्वांत कमी दराचं दरपत्रक कित्येकदा याच रकान्यांत महाग पडतं. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी एक मागणी तुकड्यांत तोडू नका. लेखापरीक्षणात ते पकडलं जातंच आणि मुळात ते बरोबरही नाही. मागणी करणारा, मंजुरी देणारा आणि माल ताब्यात घेणारा ही तीन वेगळी माणसं असली की खरेदीवर कोणालाही बोट ठेवता येत नाही.

माल आला की चलनावर लगेच सही करायची नाही. खोक्यावरचा आणि यंत्रावरचा सिरीयल नंबर जुळतो का ते पाहा. यंत्र चालू करून रॅम आणि डिस्क पत्रकाप्रमाणे आहेत का ते तपासा. कॅमेरा, माइक, प्रत्येक पोर्ट वापरून बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीखही पाहा. एकदा एका पुरवठादाराच्या यंत्रांची वॉरंटी आमच्याकडे येण्याआधीच दोन महिने सुरू झालेली होती. पैसे द्यायचे बाकी होते म्हणून तारीख दुरुस्त करून मिळाली. पुरवठा आदेश, चलन आणि बिल तिन्ही जुळल्यावरच बिल लेखा विभागाकडे पाठवा.

यंत्र हाती देताना सहीबरोबर चार्जर, बॅग, माउस यांचीही नोंद घ्या. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, म्हणजे तिच्यावरचा डेटा कुलूपबंद केला असेल, तर ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कॉलेजकडे सुरक्षित हवी. बिटलॉकर या विंडोजमधल्या एन्क्रिप्शनच्या सोयीची ही की 48 अंकी असते आणि ती नसेल तर डेटा परत मिळत नाही. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांच्या लॅपटॉपमध्ये दोन वर्षांचे अंतर्गत गुण होते आणि की कोणाकडेच नव्हती. विभागातल्या सहकाऱ्यांनी ते गुण जुन्या उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरले. त्यांचे दिवसच्या दिवस गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. आता की नोंदवल्याशिवाय मी एकही लॅपटॉप खोलीबाहेर जाऊ देत नाही.

दोन लॅपटॉप राखीव ठेवते. कोणाचं यंत्र परीक्षेच्या आठवड्यात बिघडलं तर काम थांबत नाही. ते पडून असताना बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवायची. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर खराब होते.

निर्लेखनाच्या, म्हणजे जुनं यंत्र वापरातून कायमचं काढण्याच्या, वेळी सगळ्यांनाच घाई असते. फाइल डिलीट केली म्हणजे डेटा गेला असं नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर सगळ्या जागेवर नव्याने लिहिलं तर चालतं. एसएसडीत मात्र कुठे लिहायचं ते यंत्र स्वतः ठरवतं आणि काही भाग मागे राहू शकतो. तिथे बनवणाऱ्या कंपनीचीच पुसण्याची आज्ञा वापरावी. यंत्र गेलं तरी रजिस्टरमधली ओळ खोडत नाही. तिच्यासमोर पुसल्याची तारीख, पुसणाऱ्याची सही आणि यंत्र कुठे गेलं ते लिहिते.