कण्याच्या शस्त्रक्रियेआधी इंदूरच्या घरात करायची तयारी

लहान मुलाचा वाकडा कणा सळ्या बसवून सरळ करण्याची शस्त्रक्रिया मुंबईत ठरली की इंदूरच्या मराठी घरात पहिली धावपळ होते ती अवंतिका एक्सप्रेसच्या तिकिटांची. तितक्याच तातडीने एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर मुलाचे वजन, उंची, दिवसातून लघवी किती वेळा होते आणि पायांची बोटे व घोटे ते कसे हलवते, हे लिहून ठेवावे. चालण्याचे चित्रीकरणही करावे, कारण ‘आधी असेच होते का?’ हा प्रश्न नंतर कोणीतरी विचारणारच.

उलटीसाठी मात्र वेगळे पान ठेवावे. भुलीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांतली उलटी नेहमीचीच असते. पण मूल खाऊ लागल्यावर, क्वचित घरी परतल्यावरही, हिरवट उलट्या सुरू झाल्या, पोटाचा वरचा भाग फुगला आणि डाव्या कुशीवर किंवा पालथे निजवल्यावर थोडे बरे वाटले, तर त्याच तासाला सर्जनला कळवावे. कणा सरळ केल्यावर धड लांबते, महाधमनी आणि तिच्यातून आतड्यांकडे निघणारी धमनी यांच्यातला कोन अरुंद होतो आणि त्या दोहोंमधून जाणारा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग चिमटीत सापडतो. या जागी चरबीची गादी असते. किडकिडीत मुलांत ती पातळ असते, म्हणून वजन आधीच लिहून ठेवायचे. पूर्वी धडाला प्लास्टर घातलेल्या रुग्णांत हे दिसे, त्यावरून त्याला ‘कास्ट सिंड्रोम’ म्हणत. नाकातून नळी घालून पोट रिकामे करणे, शिरेतून सलाइन देणे आणि अडथळ्याच्या पुढे नळीने अन्न पोहोचवणे, एवढ्यावर बहुतेक मुले सावरतात. ‘सकाळचे पोहे पचले नसतील’ म्हणत ओव्याच्या पाण्यावर दोन दिवस काढले, तर मात्र शरीरातले पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात, तेव्हा हे पान आजीलाही आधीच वाचून दाखवावे.

रुग्णालयातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पायांकडे लक्ष असावे. मूल शुद्धीवर येताना पाय हलवते, पण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ताकद वा संवेदना कमी होते, असे क्वचित घडते. म्हणून परिचारिका रात्री मुलाला उठवून बोटे हलवायला सांगतात, त्याला आड येऊ नये. लघवी घटून मूल सुस्त झाले, तर आपल्या मनाने भरपूर पाणी पाजू नये, कारण शस्त्रक्रियेच्या ताणाने शरीर पाणी धरून ठेवते तेव्हा रक्तातले सोडियम उतरू शकते. छातीतून शस्त्रक्रिया झाली असल्यास छातीत ठेवलेल्या नळीतून दुधासारखा पांढरट द्रव येतो का, हेही पाहावे.

निघण्यापूर्वी शस्त्रक्रियेचा तपशील, एक्स-रे आणि बसवलेल्या सळ्यांचे नाव मागून घ्यावे. मुलाच्या वाढीबरोबर लांबवत न्यायच्या सळ्या असतील, तर त्या साधारण सहा महिन्यांनी लांबवतात, आणि चुंबकाने लांबणाऱ्या असतील, तर कुठेही एमआरआय करण्याआधी सांगावेच लागते. घरी आल्यावर दर महिन्याला बाजूने एक छायाचित्र काढावे, म्हणजे सळ्यांच्या वरच्या टोकाला बाक येत असेल तर तो नजरेत भरतो. अचानक दुखणे, टक् असा आवाज किंवा त्वचेखाली नवा उंचवटा ही सळी तुटल्याची किंवा स्क्रू निसटल्याची खूण असू शकते. जखमेतून पाणी येणे आणि ताप यांची चौकशी कित्येक महिन्यांनंतरही लगेच करावी. लंगोट बांधणाऱ्या मुलाची पट्टी ओली होत नाही ना, हे मात्र रोजच पाहायचे.

शेवटच्या पानावर सर्जनचा क्रमांक आणि इंदुरातले जवळचे मोठे रुग्णालय, मग ते सरकारी एमवाय असो वा खासगी, रात्री कोणत्या दाराने आत घेते, हे आधी जाऊन पाहून लिहावे.