नवं धनुष्य घेण्याआधी बाण जुळवा

रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला मुठीचा भाग, दरवर्षी नव्या रंगात येतो. त्याला लिंब, म्हणजे वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, बसवायची आयएलएफ ही प्रमाण खाच मात्र 1980च्या दशकातली, आणि ऑलिम्पिकमध्ये आजही दिसणारा एक्स10 बाण 1996चा. म्हणून पालकांना मी कळकळीने सांगतो, पैसे आधी बाणांवर घाला.

18 मीटरवर पिसं लावलेले तीन आणि बिनपिसांचे दोन बाण सोडा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या डावीकडे लागले, तर बाण ताठ पडतोय, म्हणजे सुटताना पुरेसा वाकत नाही. रायझरवर बाणाला बाजूने टेकणाऱ्या बटणाची स्प्रिंग पाव फेरा सैल करा. भागलं नाही तर बाणाला जड पॉइंट, म्हणजे टोक, लावा. उजवीकडे गेले तर उलट. एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. माझी मुलगी सहा वर्षं जुन्या लिंबांवरच खेळते, आणि त्या बदलायचं मला काही कारण दिसत नाही.