वाय-फायवरून रोबोटचे स्थान ठरवताना या चुका टाळा

दर वर्षी प्रकल्पांचे दिवस आले की विद्यार्थी तीच आकृती घेऊन येतात: तीन राउटर, तीन वर्तुळे आणि त्यांच्या छेदात रोबोट. सिग्नलच्या डीबीएमवरून (सिग्नलची ताकद मोजायचे एकक; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण) सूत्राने थेट अंतर काढणे ही या कामातली सर्वांत चिवट चूक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सिग्नल साधारण 6 डेसिबलने उतरतो; इमारतीत मात्र मधून एखादा माणूस गेला तरी तेवढा फरक पडू शकतो, आणि रोबोट जागचा हललेला नसताना त्याचे अंतर दुप्पट दिसू लागते. शिवाय 2.4 गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटर लांबीची असल्यामुळे, भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून वीतभर अंतरावरही आकडा बदलतो. म्हणून मी सूत्राच्या वाटेला जात नाही. जागोजागी नोंदी घेऊन सिग्नलचा नकाशा तयार करतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ‘रडार’ (RADAR) नावाच्या, इमारतीत स्थान ठरवणाऱ्या प्रणालीने 2000 साली हीच पद्धत वापरली होती.

नकाशा करतानाही घाई नडते. एका गोदामात आम्ही रविवारी, सगळे सामसूम असताना, लॅपटॉप हातात धरून नोंदी उरकल्या. सोमवारी तिसऱ्या गल्लीत उभा असलेला रोबोट स्वतःला पाचव्या गल्लीत समजू लागला. दोन दिवस आम्ही पार्टिकल फिल्टरचे (रोबोट कुठे असू शकेल याचे अनेक अंदाज, म्हणजे पार्टिकल, नकाशावर टाकून त्यांतले जुळणारे ठेवणारी पद्धत) आकडे बदलत बसलो. अखेर मी रोबोट एकाच जागी ठेवून थोडा थोडा वळवला: राउटरकडे तोंड असताना उणे 58 डीबीएम, पाठ फिरताच उणे 67. अँटेना गुडघाभर उंचीवर, बॅटरीच्या पोलादी पेटीला चिकटून बसवलेला होता आणि आमच्या नोंदी छातीच्या उंचीवरच्या होत्या. मग रॅक मालाने भरलेले आणि माणसे कामावर असताना, रोबोटच्याच अँटेनाने, चारही दिशांना तोंड करून, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे थांबून सगळ्या नोंदी नव्याने घेतल्या. तेव्हापासून दुसऱ्याच्या हातातल्या यंत्राने घेतलेला नकाशा मी स्वीकारत नाही.

चालत्या रोबोटवर स्कॅन करणाऱ्यांनी एक हिशेब करावा. राउटर साधारण दर 100 मिलिसेकंदांनी आपली ओळख पाठवतो, त्यामुळे 13 चॅनेल ऐकायला सव्वा सेकंदाहून अधिक वेळ जातो. तेवढ्यात सेकंदाला अर्धा मीटर चालणारा रोबोट साठ-पासष्ट सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. मी रोबोट थांबवूनच स्कॅन घेतो.

न दिसलेल्या राउटरपुढे शून्य भरू नका. शून्य डीबीएम म्हणजे अतिशय जोरदार सिग्नल. मी तिथे उणे 95 लिहितो. लोकांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट नकाशातून आधी काढा. राउटर आपोआप शक्ती कमी-जास्त करत असतील, तर नेटवर्क सांभाळणाऱ्यांना सांगून ती स्थिर करून घ्या.

ताकदीच्या या आकड्यांकडून सेंटीमीटरची अपेक्षा ठेवणे मात्र अन्यायाचे आहे. लायडरला (लेझर किरणांनी आजूबाजूची अंतरे मोजणाऱ्या सेन्सरला) सारख्या दिसणाऱ्या दोन गल्ल्यांतला फरक कळत नाही, तो वाय-फायला बहुतेक वेळा कळतो. रोबोट बंद करून पुन्हा सुरू केला की मी आधी वाय-फायला गल्ली विचारतो, पार्टिकल तेवढ्याच भागात पसरतो आणि पुढचे बारीक काम लायडर व चाकांच्या एन्कोडरवर (चाक किती फिरले ते मोजणाऱ्या सेन्सरवर) सोपवतो.