जुरा: धबधबे, तळी आणि पिवळी वाइन

जुरा हा पूर्व फ्रान्समधला डोंगराळ भाग. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने इथल्या दोल शहराला सुमारे दोन तासांत पोचता येतं. गाडी तिथेच भाड्याने घ्या. तळ्यांच्या भागात बसच्या भरवशावर राहिलात तर अर्धा दिवस थांब्यावर जातो.

एरिसोंचे धबधबे मे-जूनमध्ये बघा. ऑगस्टअखेर पाणी बरंच आटतं. चढण दुसिए गावाच्या बाजूने, खालून सुरू करा: ६५ मीटरचा एव्हांताय धबधबा सुरुवातीलाच लागतो. जाऊन-येऊन साधारण साडेसात किलोमीटर, म्हणजे तीन तास. चुनखडीची पायवाट ओली असली की शेवाळल्या घाटासारखी घसरते, त्यामुळे सपाट तळव्याचे बूट नकोत. पोहायचं तर शालेंच्या तळ्यावर.

वाइनसाठी आर्ब्वा आणि शातो-शालों ही गावं. इथली खासियत व्हॅं जोन, म्हणजे पिवळी वाइन, साव्हान्यां जातीच्या द्राक्षांची. पिपातली वाइन उडून पातळी घटते, तरी वरून भर घालत नाहीत. वर यीस्टची साय धरते आणि वाइन किमान सहा वर्षं तीन महिन्यांनी बाटलीत जाते. अक्रोडासारखी चव पहिल्या घोटाला अनेकांना बिघडल्यासारखी वाटते. फ्रिजमधली थेट ओतू नका. १४-१६ अंशांवर, काही तास आधी उघडून, कोंते चीजबरोबर घ्या.

वाइनघरांना आदल्या दिवशी फोन करा. दुपारी बारा ते दोन बहुतेक बंद. चव घेऊन थुंकणं इथे शिष्टसंमत आहे, आणि चालकाने थुंकावंच. बाटली ६२ सेंटिलिटरची, म्हणून भारतात करमुक्त दोन लिटरांत तीन बसतात. त्या चेक-इन सामानातच ठेवा.