छोट्या रोडस्टरमध्ये टर्बो रोटरी इंजिन कसं बसवायचं

माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो. पण याच माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची, उघड्या टपाची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी जगभर गाजली. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीत १.६ लिटरचं इंजिन होतं. ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन साधारण साडेनऊशे किलो. त्याच कंपनीच्या आरएक्स-७ मध्ये १९९२ ते २००२ या काळात १३बी-आरईडब्ल्यू हे टर्बो रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं, यायचं. ६५४ सीसीचे दोन रोटर, मिळून १३०८ सीसी, आणि जपानी गाडीत ताकद सुरुवातीला २५५ पीएस (जवळजवळ हॉर्सपॉवरच), शेवटी शेवटी २८०. हे आकडे शेजारी मांडले की डोक्यात किडा वळवळणारच.

कोल्हापुरात तो जरा जास्तच वळवळतो. शिवाजी उद्यमनगरात लेथ, मिलिंग, टिग वेल्डिंग सगळं एकाच चकरेत होतं, आणि शिरोली, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेतच. माउंटिंग, अ‍ॅडॉप्टर प्लेट, पाइपिंग गावातच बनतं. त्यामुळे इंजिन खाली उतरलं आणि बोल्ट बसले की गाडी झाली असं वाटतं. माझ्या मते तिथे फार तर एक तृतीयांश काम होतं. उरलेलं सगळं म्हणजे उष्णता बाहेर काढणं आणि पेट्रोल नीट पोचवणं. पैशाची वाटणीही त्याच हिशोबाने करा.

आधी कागद, मग पाना

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. एमएच-०९ ची पाटी लावून रंकाळ्यावर चक्कर मारायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. ही गाडी ट्रॅकची. ती ट्रेलरवर चढवून कोईमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची आणि ट्रेलरवरच परत आणायची. शर्यतीत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे त्या गटाचे नियम आधी वाचा. रोल केज (माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा), सीट, पट्टे आणि अग्निशामक याबाबत त्यात अटी असतात, आणि केज नंतर बसवायला गेलं की केलेलं वायरिंग उसकटावं लागतं.

एमएक्स-५ भारतात कंपनीने कधी विकली नाही. त्यामुळे गाडी आणि इंजिन दोन्हींची आयातीची कागदपत्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन घेताना

रोटरीला पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. त्रिकोणी रोटर हाउसिंगमध्ये फिरतो, आणि रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेरे घेतो. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना अ‍ॅपेक्स सील असतात. रोटरीचं आयुष्य या पट्ट्यांवर असतं. सील तुटला की तो हाउसिंग ओरबाडतो, एक्झॉस्टमधून जाताना टर्बोची (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याची) पातीही घेऊन जातो.

म्हणून विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन बघायचं, आणि ते नेहमीच्या पद्धतीने नाही. साधा गेज लावलात तर तिन्ही बाजूंपैकी सगळ्यात जास्त दाब काटा धरून ठेवतो आणि मेलेलं इंजिनही ठणठणीत दिसतं. गेजमधला एकतर्फी व्हॉल्व्ह काढून टाका किंवा दाबून उघडा ठेवा. पेट्रोल आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि स्टार्टर मारा. काटा आता ठोके देतो. मोबाईलवर व्हिडिओ काढून हळू चालवून बघा. तीन ठोके सारख्या उंचीचे आले तर तो रोटर ठीक. लागोपाठचे दोन ठोके पडके असतील तर त्या दोन बाजूंमधला अ‍ॅपेक्स सील गेला, कारण एक सील दोन बाजूंच्या मधोमध असतो. तिन्ही ठोके सारखे पण दुबळे असतील तर इंजिन एकूणच झिजलंय. दुसऱ्या रोटरवर हेच पुन्हा करा. विकणारा 'स्टार्ट करून दाखवतो की, कॉम्प्रेशन कशाला?' म्हणाला तर दुसरीकडे बघा.

फेरजुळणी लागणारच असेल तर सील, ओ-रिंग, स्प्रिंग बाहेरूनच मागवा. इथल्या लेथवर पुष्कळ काही होतं, पण हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या थराला हात लावू नये.

गाडीत बसवून बघणं

रोटरीला एकसंध ब्लॉक नसतो. लोखंडी साइड हाउसिंग आणि अ‍ॅल्युमिनिअमची रोटर हाउसिंग जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखी एकावर एक येतात आणि लांब बोल्टांनी आवळलेली असतात. त्यामुळे वाटेल तिथे भोक पाडून माउंटिंग लावता येत नाही. कंपनीने दिलेल्या बॉसवरूनच (बोल्टसाठी ओतलेल्या उंचवट्यांवरूनच) ब्रॅकेट काढायचं. आणि इंजिन दिसायला चिमुकलं असलं तरी हलकं नाही, चेन ब्लॉक त्याच अंदाजाने घ्या.

आतला सगळा माल काढलेलं, निकामी हाउसिंगांचं रिकामं इंजिन मिळालं तर मापं घेण्यासाठी तेच वापरा. ते गाडीत उतरवा, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) जितकं मागे आणि जितकं खाली जाईल तितकं न्या. खाली ऑइल पॅन पुढच्या क्रॉसमेंबरला (आडव्या बीमला) आणि स्टीअरिंग रॅकला अडतो. बहुतेक वेळा पॅन कापून नवा बनवावा लागतो. तेव्हा त्यात तेल एका बाजूला पळू नये म्हणून आडव्या पट्ट्या घालायला सांगा. ब्रॅकेट आधी पुठ्ठ्यात कापा, मग एमएस प्लेटमध्ये. सुरुवातीला नुसते टाके मारा. बॉनेट लावून बघा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, मगच पूर्ण वेल्ड. टाके मारताना गाडीची बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सुटे ठेवा. एमएक्स-५ ची बॅटरी मुळात डिकीत असते, त्यामुळे बॉनेटखाली थोडी जागा फुकटात मिळते.

आता एक गोष्ट जी परदेशातल्या फोटोंवरून कळत नाही. १३बी चे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनाच्या उजव्या बाजूला असतात, डावीकडे स्पार्क प्लग. अमेरिकेतल्या डाव्या स्टीअरिंगच्या गाडीत त्यामुळे टर्बोला मोकळं रान मिळतं. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत मात्र स्टीअरिंग शाफ्ट, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि क्लचचा सिलिंडर टर्बोच्याच कुशीत येतात. त्यांच्यामध्ये स्टीलचा पडदा आणि हवेची फट ठेवाच. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं, आणि ते नेमकं लांब सरळ रस्त्याच्या शेवटी कळतं.

गिअरबॉक्स आणि मागचा भाग

एमएक्स-५ च्या गिअरबॉक्सला खाली वेगळं माउंटिंगच नाही. गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफरन्शियल यांना एक लांब अ‍ॅल्युमिनिअमची फ्रेम जोडते, आणि दोघं एकमेकांना धरून ठेवतात. आरएक्स-७ चा गिअरबॉक्स घातलात की ही फ्रेम जाते. मग दोन कामं वाढतात: गिअरबॉक्सखाली नवा क्रॉसमेंबर, आणि डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जाऊ नये म्हणून भक्कम ब्रॅकेट. दुसरं काम अनेक जण विसरतात. पहिल्या १.६ गाड्यांचा डिफरन्शियल तसाही लहान आहे, टर्बो रोटरीपुढे टिकणार नाही. किमान १.८ गाडीचा मोठा घ्या, आणि मनात तीनशे हॉर्सपॉवर असतील तर त्याहून मोठा.

प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा बनवून बॅलन्स करून घ्या. दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे येतात का ते बघा, नाहीतर ठराविक वेगाला थरथर सुटते.

फ्लायव्हीलबद्दल टर्नरशी नीट बोला. साध्या गाडीचं फ्लायव्हील स्वतः बॅलन्समध्ये असतं. रोटरीच्या मॅन्युअल फ्लायव्हीलला मुद्दाम एका बाजूला वजन दिलेलं असतं, कारण ते रोटरचा तोल सांभाळतं. 'हे वाकडं आहे, सरळ करून देतो' म्हणून कुणी ते कापलं तर इंजिन हादरून हादरून बेअरिंग खाईल. हलकं फ्लायव्हील घेतलंत तर सोबत वेगळं काउंटरवेट लागतंच. ते धरणारा मधला नट ५४ मिलिमीटरचा, टॉर्क चारशे ते पाचशे न्यूटन-मीटर. तेवढा पाना पेटीत सापडत नाही, पण त्याचा सॉकेट उद्यमनगरात बनवून मिळेल.

उष्णता

रोटर आतून तेलाने थंड होतात. त्यामुळे ऑइल कूलर इथे रेडिएटरच्या बरोबरीचा आहे. पिस्टनच्या गाडीत तो चैनीचा भाग असतो, इथे त्याच्याशिवाय सुरू करू नये. पुढच्या बंपरमागे मोठा कूलर, जाड होज, आणि तेलाचं तापमान व दाब दोन्हींचे गेज डोळ्यांसमोर.

रेडिएटर जाड अ‍ॅल्युमिनिअमचा घ्या. त्याच्यापुढे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) उभा केलात की रेडिएटरला गरम हवा मिळते, म्हणून अनेक जण दोन्ही तिरपे ठेवून इंग्रजी व्हीसारखी मांडणी करतात आणि हवेचे दोन वेगळे मार्ग पत्र्याने बंदिस्त करतात. हे पत्र्याचं काम स्वस्त आहे आणि त्याचा उपयोग महागड्या रेडिएटरपेक्षा जास्त. हवेला फट दिसली की ती रेडिएटरला वळसा घालून जाते, त्यामुळे फोमच्या पट्ट्या लावून प्रत्येक फट बुजवा. उन्हाळ्यात दुपारी गाडी ट्रेलरवरून उतरवाल तेव्हा हीच पट्टी पैसे वसूल करून देते.

कूलंट भरताना गाडीचं नाक वर उचला, नाहीतर हवा अडकते. रोटरीच्या हाउसिंगमधले पाण्याचे सील एकदा जास्त तापले की परत बसत नाहीत. तापमान शंभर अंशांकडे सरकलं की फेरी सोडून आत या.

एक्झॉस्टचा वायू पिस्टनच्या इंजिनापेक्षा गरम असतो, नऊशे अंश सेल्सिअसच्याही वर. आपल्याकडे कास्टिंग म्हणजे घरचं काम, म्हणून मॅनिफोल्ड ओतून घ्यायचा मोह होईल. साधं ग्रे आयर्न इथे तडकतं. ओतायचाच असेल तर सिलिकॉन-मॉलिब्डेनमचं एसजी आयर्न, नाहीतर जाड भिंतीच्या ३०४ स्टेनलेस पाइपचा वेल्ड केलेला. आरएक्स-७ ची मूळ दोन टर्बोची यंत्रणा व्हॅक्युमच्या नळ्यांचं जाळं असते. मी तरी एकच टर्बो घालून ते जाळं काढून टाकेन. सायलेन्सरमधली साधी ग्लासवूल जळून उडते, तेही लक्षात असू द्या.

पेट्रोल, वायरिंग, ट्यूनिंग

टर्बो रोटरी मारायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे टर्बोच्या दाबाखाली पेट्रोल कमी पडू देणं. एक जोराचा नॉक (मिश्रण आपोआप भलत्या वेळी पेटणं) झाला तरी सील जातो. मूळ आरएक्स-७ मध्ये ५५० सीसीचे दोन आणि ८५० सीसीचे दोन इंजेक्टर होते. एमएक्स-५ चा पंप त्यांना पुरत नाही. टाकीत मोठा पंप आणि त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर रिलेमधून द्या.

पंपावर आता ई-२० मिळतं. जुन्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला चालणाऱ्या घाला. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड गेज हवा-पेट्रोलच्या आकड्यांत न ठेवता लॅम्डात (हवा गरजेच्या किती पट आहे त्या आकड्यात) ठेवा, कारण इथेनॉल मिसळलं की एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हा हिशोब लागू होत नाही. दाबाखाली लॅम्डा ०.७५ च्या आसपास, म्हणजे चांगलंच रिच, पेट्रोल जास्त. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल रोज वापरणार असाल तर ट्यूनिंगही त्याच पेट्रोलवर करा.

सील ओले राहावेत म्हणून मूळ इंजिनात तेल टोचणारा छोटा पंप असतो. तो काढलात तर दर दहा लिटर पेट्रोलमागे ८० ते १०० मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक ऑइल टाकीत घाला. इंजिनात २०डब्ल्यू-५० चालतं, ते कुठल्याही दुकानात मिळतं.

ईसीयू प्रोग्रॅम करता येणाराच घ्या, मूळ वायरिंग जोडत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक रोटरला दोन प्लग: खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. दाबाखाली ट्रेलिंगची ठिणगी लीडिंगच्या १० ते १५ अंश मागे ठेवतात. या वायरी उलटसुलट लागल्या तर इंजिन कदाचित सुरू होईलही, आणि दाबाखाली फुटेल. म्हणून प्रत्येक वायरीला रंगीत चिकटपट्टी लावा. मूळ गाडीत लीडिंगला ७ आणि ट्रेलिंगला ९ हीट रेंजचे (उष्णता झेलण्याच्या प्रतीचे) प्लग येतात. ट्रॅकसाठी चारही ९ चे घाला.

सुरू करताना

आधी पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टर मारत ऑइलचा दाब चढवा. मग सुरू करा आणि पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवा. सुरू करून लगेच बंद केलं की पेट्रोल साचतं, सील धुतले जातात आणि इंजिन परत सुरू होत नाही. गाडी एक फूट सरकवायची असली तरी ढकला. पहिल्यांदा धूर बराच येतो, जुळणीचं तेल जळतं. नंतरही सुटणारा गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट, तेव्हा थांबा.

ट्यूनिंग डायनोवर (गाडी जागीच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), अनुभवी माणसाकडून, आणि सुरुवात फक्त वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, ०.५ बारच्या आसपास. ट्रॅकवर पहिली फेरी दाब न चढवता. परत आल्यावर ब्रेक ऑइल, होजचे क्लॅम्प आणि स्टीअरिंगजवळचा पडदा हात लावून तपासा. दोन जोराच्या फेऱ्यांनंतर एक पूर्ण फेरी सावकाश मारा, टर्बोतलं तेल थंड होऊ द्या, मगच किल्ली बंद करा. थंड झाल्यावर चारही प्लग काढून उन्हात धरा. पोर्सेलिनवर बारीक चमकदार ठिपके दिसले तर नॉक होतोय: दाब वाढवायचा नाही, ईसीयूतली नोंद (लॉग) काढून ट्यूनरला पाठवायचा. स्वच्छ असतील तर पुढची, जास्त दाबाची स्प्रिंग घालायला हरकत नाही.